यादीत नाव नाही, आता काय?

पदोन्नतीचा आदेश निघतो, त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, आणि वर्षभर शाखेचा गाडा ज्याने ओढला त्याचंच नाव त्यात नसतं. ज्येष्ठता यादीत खाली असलेले दोघे-तिघे वर गेलेले असतात. पहिला विचार येतो तो 'साहेबांनी डाव साधला' हाच. कधीकधी तो खराही असतो. पण सरकारी सेवेत डावललं जाण्याची बहुतेक कारणं कुठल्या ना कुठल्या कागदावर सापडतात, आणि इलाजही त्या कागदावरच करता येतो. मनाला लागलेलं असताना कागद हुडकत बसणं जड जातं, हे खरं आहे. तरीही हे काम आदेश निघाल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवं, कारण मुदती तेव्हापासूनच चालू लागतात.

हे लिखाण राज्य आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. खासगी कंपनीतला मामला पूर्ण वेगळा असतो.

मुळात विभागीय पदोन्नती समिती, म्हणजे आपली डीपीसी, तुमचं काम बघत नाही. तिच्यासमोर आस्थापना शाखेने तयार केलेली टिप्पणी आणि एक तक्ता असतो. नाव, ज्येष्ठता क्रमांक, मागच्या पाचेक वर्षांच्या गोपनीय अहवालांची (साहेब दरवर्षी तुमच्या कामावर लिहितात त्या अहवालांची) प्रतवारी, विभागीय परीक्षा, चौकशी चालू आहे की नाही, मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र, लागू असेल तिथे जात वैधता. एका माणसासाठी एक ओळ. तुम्ही पुराच्या दिवसांत कार्यालयातच मुक्काम ठोकला होता, की दुसऱ्याची तुंबलेली फाईल निकाली काढली होती, याला त्या ओळीत जागा नसते. ते सगळं प्रतवारीच्या एका आकड्यात उतरलं असेल तर पोचतं, नाहीतर नाही.

त्यातही एक मेख आहे. केंद्र सरकारच्या ८ फेब्रुवारी २००२ च्या कार्यालयीन ज्ञापनानंतर निवडीच्या पदांवरसुद्धा एकमेकांना ओलांडून जाण्याचा प्रकार बंद झाला. समिती फक्त 'योग्य' किंवा 'अयोग्य' ठरवते आणि योग्य ठरलेले ज्येष्ठतेनुसार वर जातात. म्हणजे तुम्हाला सलग पाच वर्षं 'अत्युत्कृष्ट' मिळालं म्हणून तुम्ही पुढच्याच्या आधी जात नाही. पण ठरलेल्या किमान प्रतवारीपेक्षा खालचा एखादा शेरा तुम्हाला यादीबाहेर काढू शकतो. चांगल्या कामाचा फायदा थोडा आणि एका मध्यम शेऱ्याचा तोटा मोठा, असा हा हिशोब आहे. म्हणून सगळं लक्ष सर्वांत कमकुवत वर्षाकडे द्यायचं. सर्वांत झळाळतं वर्ष कितीही चांगलं असलं, तरी ते दुसऱ्या वर्षाचं वजन उचलत नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे देव दत्त यांचा खटला. ते सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी सलग पाच वर्षं 'खूप चांगला' हा शेरा हवा होता. त्यांच्या चार वर्षांत तो होता, १९९३-९४ या एका वर्षात मात्र 'चांगला' असा शेरा होता. वाचायला त्यात वाईट काहीच नाही, म्हणून तो त्यांना कळवलाही नव्हता, कारण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे. त्याच एका 'चांगला'मुळे ते मागे राहिले आणि कनिष्ठ पुढे गेले. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा प्रतिकूल असो की अनुकूल, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायलाच हवी, म्हणजे त्याला त्यावर म्हणणं मांडता येईल. निकाल लागेपर्यंत ते निवृत्त झालेले होते. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच नियम पक्का केला. आज अहवालाची प्रत हातात येते ती या निकालांमुळे. तरीही ती प्रत न वाचता सही करून देणारे कर्मचारी आजही ढिगाने सापडतात, आणि याचं फार वाईट वाटतं.

आता आकडे बघू, कारण नुकसान तिथे होतं. केंद्राच्या अहवालात १ ते १० गुण असतात. ८ ते १० म्हणजे 'अत्युत्कृष्ट', ६ पासून ८ च्या आत 'खूप चांगला', ४ पासून ६ च्या आत 'चांगला'. भारांक असे: प्रत्यक्ष कामाला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेच्या कसोट्यांना ३०. समजा प्रत्यक्ष कामाला साहेबांनी ७.५ दिले. त्याचे झाले ३. वैयक्तिक गुणांना ५ दिले, त्याचे १.५. तिसऱ्या भागाला ४.५, त्याचे १.३५. एकूण ५.८५. काम 'खूप चांगलं', पण माणूस 'चांगला', आणि पदोन्नतीला किमान ६ हवेत. काम उत्तम असूनही डावललं गेल्याची कितीतरी प्रकरणं नेमकी इथे अडकलेली असतात. शेरा वाचताना म्हणूनच शेवटचा आकडा बघून थांबायचं नाही, तीनही भाग वेगवेगळे वाचायचे. वैयक्तिक गुणांत शिस्त, संवाद, जबाबदारीची जाणीव, सहकाऱ्यांशी संबंध, वेळ पाळणं हे येतं. तिसऱ्या भागात नियमांचं ज्ञान, निर्णयक्षमता, समन्वय, पुढाकार. एखादा अबोल, मान खाली घालून काम करणारा माणूस इथेच कमी पडल्यासारखा दिसतो. मग अभिवेदनात, म्हणजे आपलं म्हणणं मांडणाऱ्या लेखी अर्जात, नेमकं त्याच भागाबद्दल लिहावं लागतं. कामाचे आकडे पुन्हा पुन्हा मांडून उपयोग नसतो, कारण कामाला गुण मिळालेलेच आहेत.

राज्यात गोपनीय अहवालाचे सविस्तर आदेश ७ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयात आहेत आणि अधिकाऱ्यांचे अहवाल आता 'महापार' या ऑनलाइन प्रणालीतून जातात. केंद्रात त्यासाठी 'स्पॅरो' आहे. तुमच्या पदोन्नतीच्या पदाला किमान कोणती सरासरी लागते, हे आस्थापनेकडून आधीच विचारून ठेवा. पद बदललं की हा निकष बदलतो. 'ब शेरा चालतो' असं कोणीतरी चहाच्या टेबलावर सांगितलं, यावर विसंबू नका.

स्वयंमूल्यनिर्धारण, म्हणजे वर्षाअखेरीस आपण स्वतः भरतो तो भाग, हा संपूर्ण व्यवस्थेतला एकमेव कागद आहे जो तुमच्या शब्दांत समितीच्या दप्तरात जातो. आणि तोच बहुतेक जण शेवटच्या दिवशी, मागच्या वर्षीचं उतरवून भरतात. 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत व समाधानकारकरीत्या पूर्ण केली' हे वाक्य हजारो अहवालांत असतं आणि त्याने प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्या साहेबांच्या, हातात काहीच पडत नाही. तेच असं लिहा: 'दि. १ एप्रिल रोजी प्रलंबित फेरफार ४१२. वर्षात नवीन दाखल १,०६०. निकाली १,४३५. शिल्लक ३७, पैकी २९ न्यायप्रविष्ट.' सुरुवातीची शिल्लक, आवक, निकाली, अखेरची शिल्लक, आणि शिल्लक का राहिली, या पाच गोष्टी असल्या की आकडा तपासता येतो आणि खोडता येत नाही. बांधकाम विभागात असाल तर मंजूर कामं, पूर्ण कामं, मुदतवाढ किती कामांना आणि कशामुळे. लेखा शाखेत असाल तर लेखापरीक्षणाचे किती परिच्छेद होते, किती वगळले गेले. ज्या लक्ष्याला तुम्ही पोचला नाहीत त्याचं कारणही याच जागी लिहायचं: पद रिक्त होतं, निधी फेब्रुवारीत आला, निवडणुकीची ड्युटी होती. नंतर अभिवेदनात पहिल्यांदाच हे कारण सांगितलं तर ते पश्चातबुद्धीचं वाटतं.

हे मार्चच्या शेवटी आठवत नाही. दर महिन्याच्या अखेरीस एका वहीत चार ओळी लिहायच्या आणि संबंधित पत्राचा जावक क्रमांक टिपायचा. कौतुकाचं पत्र, बैठकीच्या इतिवृत्तातला उल्लेख, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र यांची प्रत घरी ठेवायची. गोपनीय कागदांच्या प्रती मात्र घरी नेऊ नका. वर्तणूक नियमांखाली ते उलटं अंगावर येतं.

बदलीच्या वर्षाची खास काळजी घ्या. अहवाल लिहायला अधिकाऱ्याने तुमचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असावं लागतं. एप्रिल ते जुलै एका साहेबांकडे आणि ऑगस्टपासून मार्चपर्यंत दुसऱ्यांकडे असाल, तर दोन अहवाल हवेत. पहिले साहेब बदलून गेले, नंतर निवृत्त झाले, आणि तो चार महिन्यांचा अहवाल कोणी लिहिलाच नाही, तर समितीच्या तक्त्यात त्या जागी 'अप्राप्त' येतं. काही ठिकाणी समिती आधीच्या वर्षाचा अहवाल धरते, काही ठिकाणी प्रकरण पुढच्या बैठकीवर ढकललं जातं, आणि ती बैठक कधी होईल याचा नेम नसतो. साहेबांचा बदली आदेश निघाला त्याच दिवशी आपला भाग भरून द्यायचा आणि पोच घ्यायची. केंद्रात दरवर्षी स्वयंमूल्यमापन १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. ते न दिल्यास अधिकारी त्याशिवायही अहवाल लिहू शकतो आणि तसा तो लिहिलाही जातो.

अहवालाची प्रत मिळाल्यावर केंद्रीय कर्मचाऱ्याला म्हणणं मांडायला १५ दिवस असतात (१४ मे २००९ चं ज्ञापन). राज्यात प्रतीसोबत येणाऱ्या पत्रातली मुदत त्याच दिवशी वाचून कॅलेंडरवर खूण करा. आणखी एक मुद्दा नेहमी तपासा: आदल्या वर्षी 'उत्कृष्ट' आणि या वर्षी एकदम दोन पायऱ्या खाली, असं झालं असेल तर घसरणीची कारणं अहवालात नोंदलेली हवीत. उत्तर प्रदेश जल निगमच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. त्याच साहेबांनी, तेच काम असताना, कारण न लिहिता गुण उतरवले असतील तर तुमची बाजू भक्कम आहे.

ज्येष्ठता यादीबद्दल थोडक्यात, कारण नियम सोपा आहे आणि तरी चुकतो. तात्पुरती यादी प्रसिद्ध झाली की आपला क्रमांक, जन्मतारीख, नियुक्ती दिनांक, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक तपासायचा आणि मुदतीत लेखी हरकत घ्यायची. बऱ्याच संवर्गांत विभागीय परीक्षा ठरलेल्या मुदतीत आणि संधींत उत्तीर्ण न झाल्यास ज्येष्ठता खाली जाते, आणि हे कळतं ते डीपीसीच्या वेळी. जुनी, स्थिरावलेली ज्येष्ठता न्यायालय सहसा हलवत नाही. २०१० च्या शिबा शंकर मोहापात्रा निकालात तीन-चार वर्षांनंतरचं आव्हान उशिराचं ठरेल असं म्हटलं आहे.

आदेश निघाल्यानंतर

आदेश, अंतिम ज्येष्ठता यादी आणि स्वतःचे पाच वर्षांचे अहवाल एकत्र ठेवा. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मला का डावललं' असा प्रश्न विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा: समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तातला माझ्यासंबंधीचा भाग, माझ्या नावाचा प्रतवारीचा तक्ता, त्या पदासाठी लागू असलेला किमान निकष, आणि रिक्त पदांची बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं, हे दाखवणारा तक्ता). दुसऱ्याचे गोपनीय अहवाल मागितले तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार मिळेल आणि उगाच दोन महिने जातील. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्जाच्या उत्तराची वाट बघत अभिवेदन अडवून ठेवू नका. दोन्ही समांतर चालवा. अभिवेदन एका-दीड पानाचं पुरतं. इथे एक कायदेशीर बारकावा फार महत्त्वाचा आहे. पदोन्नतीचा हक्क कोणालाच नसतो. पदोन्नतीसाठी विचार होण्याचा हक्क असतो, आणि तो अनुच्छेद १६(१) खाली मूलभूत आहे, असं अजित सिंग प्रकरणात १९९९ मध्ये घटनापीठाने म्हटलं. म्हणून 'मी इतकं काम केलं, मला पदोन्नती द्या' ही मागणी टिकत नाही. 'माझा विचार नियमाप्रमाणे झाला नाही' ही टिकते. मजकूर साधारण असा (त्यातला 'मानीव दिनांक' म्हणजे पदोन्नती मिळाली असं कागदोपत्री धरलं जातं ती मागची तारीख):

'अंतिम ज्येष्ठता यादीत मी क्र. १४ वर असून क्र. १६ व १७ यांना उपरोक्त आदेशाने पदोन्नती देण्यात आली आहे. माझ्याविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी अथवा फौजदारी खटला प्रलंबित नाही. सन अमुकचा गोपनीय अहवाल मला आजपर्यंत कळविण्यात आलेला नाही. सबब न कळविलेल्या शेऱ्याच्या आधारे अपात्र ठरविणे नियमबाह्य आहे. माझे प्रकरण पुनर्विलोकन समितीपुढे ठेवून, कनिष्ठास पदोन्नती मिळाल्याच्या दिनांकापासून मानीव दिनांक देण्यात यावा, ही विनंती.'

यात साहेबांच्या स्वभावाबद्दल, जातीपातीबद्दल, गटबाजीबद्दल एक शब्द नाही. ते सगळं खरं असलं तरी पुरावा नसताना लिहिलं की प्रकरण वेगळ्याच वळणाला जातं. अर्ज योग्य मार्गानेच, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन. आमदारांचं किंवा मंत्र्यांचं शिफारसपत्र जोडू नका. सेवेच्या बाबतीत बाहेरून दबाव आणणं वर्तणूक नियमांखाली गैरवर्तन आहे आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

पुनर्विलोकन समिती, म्हणजे आधीच्या डीपीसीचा निर्णय पुन्हा तपासणारी समिती, मनात येईल तेव्हा बसत नाही. पात्र माणसाचं नाव विचारातच घेतलं नाही, अपात्राचं घेतलं, ज्येष्ठता नंतर सुधारली, शेरा नंतर उंचावला किंवा काढून टाकला, कार्यपद्धतीत चूक झाली, अशी ठरावीक कारणं असतात. तुमचं प्रकरण यांपैकी कशात बसतं ते अभिवेदनात नाव घेऊन लिहा.

नाव 'मोहोरबंद पाकिटात' ठेवलं, म्हणजे चौकशी संपेपर्यंत समितीचा निर्णय बंद ठेवला, असं कळलं तर वेगळी तपासणी करायची. निलंबन, दोषारोपपत्र बजावून सुरू असलेली चौकशी, किंवा न्यायालयात चालू असलेला फौजदारी खटला, यांपैकी काहीतरी असेल तरच पाकीट वापरता येतं. नुसती तक्रार, प्राथमिक चौकशी, कारणे दाखवा नोटीस पुरत नाही. जानकीरामन प्रकरणात १९९१ मध्ये हे ठरलेलं आहे. दोषारोपपत्रावरची बजावणीची तारीख आणि समितीच्या बैठकीची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. निकाल बहुतेक वेळा या दोन तारखांतच असतो. राज्यात यासाठी १५ डिसेंबर २०१७ चा शासन निर्णय आहे. केंद्राच्या आदेशात पहिल्या बैठकीपासून दोन वर्षं उलटूनही चौकशी संपली नाही तर तदर्थ, म्हणजे तात्पुरत्या, पदोन्नतीचा विचार करण्याची तरतूद आहे, आणि ती मागितल्याशिवाय सहसा कोणी आपणहून काढत नाही.

मुदतीबाबत सर्वांत जास्त माणसं फसतात. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याप्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करायचा. अभिवेदनावर सहा महिने उत्तर आलं नाही तर त्यानंतर एक वर्ष. पण सुरक्षित हिशोब एकच: मूळ पदोन्नती आदेशापासून एक वर्ष धरा आणि अभिवेदनाला उत्तर आलं नाही म्हणून बसून राहू नका. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे एस. एस. राठोड (१९८९) आणि सी. जेकब (२००८) या निकालांत स्पष्ट आहे. 'साहेब म्हणाले बघतो' यात दोन वर्षं घालवलेली चांगली प्रकरणं केवळ उशिरावर फेटाळली गेली आहेत. जिल्हा परिषद, महापालिका, एसटी यांचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांनी वकिलाला आधी मंच कोणता ते विचारावं.

न्यायाधिकरणात जाताना ज्या कनिष्ठांच्या पदोन्नतीला धक्का बसू शकतो त्यांना प्रतिवादी करावं लागतं. रोज समोर बसणाऱ्या सहकाऱ्याला नोटीस पाठवायला हात धजत नाही, आणि मग नेमक्या याच त्रुटीवर अर्ज अडतो. त्याला आधी स्वतः सांगा की भांडण त्याच्याशी नाही. अंतरिम मागणीत सरसकट स्थगितीऐवजी 'एक पद रिक्त ठेवावे' किंवा 'पदोन्नत्या अर्जाच्या निकालाच्या अधीन राहतील' एवढं मागितलं तर मिळण्याची शक्यता जास्त.

हे सगळं चालू असताना आश्वासित प्रगती योजना विसरू नका. राज्यात १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर वेतनाचा लाभ मिळतो, केंद्रात तसाच. पद मिळालं नाही तरी पैशाची बाजू थोडी सावरते. मात्र इथेही गोपनीय अहवाल लागतात, केंद्रात तर २०१६ पासून 'खूप चांगला' हाच निकष आहे. म्हणजे पदोन्नतीत नडलेला शेरा इथेही नडणार, आणि तो दुरुस्त करून घेणं दोन्हींसाठी गरजेचं. गावापासून लांब पोस्टिंग मिळालं म्हणून मध्येच नियमित पदोन्नती नाकारण्याचा विचार असेल, तर आश्वासित प्रगतीचा पुढचा लाभ जाईल का, हे लेखी विचारल्याशिवाय नकारपत्रावर सही करू नका.

निकाल बाजूने लागला तर मागणीत 'मानीव दिनांक' आणि 'थकबाकी' हे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले होते का, ते आता कामाला येतं. नुसता मानीव दिनांक मिळाला तर ज्येष्ठता आणि काल्पनिक वेतननिश्चिती मिळते, प्रत्यक्ष थकबाकी 'काम नाही तर वेतन नाही' म्हणून नाकारली जाते. जानकीरामनमध्ये न्यायालयाने म्हटलं आहे की माणूस काम करायला तयार असताना प्रशासनानेच त्याला दूर ठेवलं असेल तर हे तत्त्व सरसकट लावता येत नाही. तो आधार अर्जात पहिल्यापासून घ्यायचा. आणि आदेश हातात आल्यावर सेवापुस्तकात मानीव दिनांकाची नोंद, वेतननिश्चितीचं विवरण आणि सुधारित ज्येष्ठता यादीतला क्रमांक या तीनही ठिकाणी एकच तारीख पडली आहे की नाही, ते स्वतः बसून बघायचं.